डिझेलने धुतलं की इंजिनातला चुरा जातो?

"बेअरिंग गेलं? ब्लॉक डिझेलने धुवा, नवे शेल (बेअरिंगच्या अर्धगोल पट्ट्या) टाका, झालं." गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं फिरणाऱ्या या सल्ल्यामुळेच नवी बेअरिंगं पुन्हा जातात. गेलेल्या बेअरिंगचा धातूचा चुरा अडकतो तो डिझेल नीट पोहोचत नाही अशा जागी: क्रँकच्या (इंजिनातल्या फिरत्या दांड्याच्या) तिरक्या तेलछिद्रांत, ऑइल गॅलरीच्या म्हणजे ब्लॉकमधल्या तेलवाटांच्या बंद टोकांशी. तिथले प्लग, म्हणजे बुचं, काढाच. लांब नायलॉन ब्रश, साबणाचं गरम पाणी, मग हवेचा झोत आणि गंज चढण्याआधी लगेच तेलाचा हात.

तेल थंड करणारा ऑइल कूलर धुऊन भरवशाचा होत नाही, नवाच बसवा. चुंबकावरही विसंबू नका. तो लोखंड धरतो, बेअरिंगचं तांबं-ॲल्युमिनियम नाही. म्हणून जुना फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडा, तांबूस चकाकी तिथेच दिसते. ऑइल पंपही उघडा. आतला ओरखडा नखाला अडकला तर पंप बदला.