पावसाने धुऊन काढलेला न्यायनिवाडा

१८९२ साली इंग्लंडच्या सफोक परगण्यातील वेन्हॅस्टन या खेड्यात सेंट पीटर चर्चची डागडुजी चालू असताना, आतल्या कमानीत बसवलेल्या चुना फासलेल्या जुन्या फळ्या काढून आवारात टाकून देण्यात आल्या. रात्री पाऊस झाला, चुना वाहून गेला आणि फळ्यांवर तीन शतकांहून अधिक काळ झाकलेले अंतिम न्यायाचे, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेनुसार जगाच्या अंती होणाऱ्या निवाड्याचे चित्र उघडे पडले. त्यात पापपुण्याचा तराजू आहे, नरकाचा जबडा आहे आणि स्वर्गाच्या वाटेवर उभे असलेले राजा, राणी, बिशप व कार्डिनलही आहेत. चौघांच्याही अंगावर वस्त्र नाही, डोक्यावरचे मुकुट आणि टोप्या मात्र शाबूत आहेत. एरवी त्यांची पदे ओळखायची कशी?

चुना इतक्या सहज गेला, कारण तो लाकडावर होता. ओला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून कॅल्शियम कार्बोनेट होतो आणि सच्छिद्र गिलाव्यात घट्ट रुजतो; रंगवलेल्या फळीवर त्याला तशी पकड मिळत नाही. म्हणूनच भिंतींवरची याच काळातली चित्रे उघडी करताना चुन्याचे थर धारदार हत्याराने कणाकणाने खरवडावे लागतात.

चित्राच्या मधोमध मात्र रंग न लागलेल्या कोऱ्या आकृती आहेत. तेथे क्रुसावरील ख्रिस्त, मरिया आणि योहान यांचे कोरीव लाकडी पुतळे उभे होते. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेत, म्हणजे चर्चमधील मूर्ती-चित्रांना विरोध करणाऱ्या प्रॉटेस्टंट चळवळीत ते नाहीसे झाले, त्यांच्या कडा तेवढ्या राहिल्या.

हे सारे नेमके त्या कमानीत का, याचे उत्तर इमारतीच्या विभागणीत आहे. आपल्या देवळांच्या शब्दांत सांगायचे तर पश्चिमेला लोकांचा सभामंडप आणि पूर्वेला धर्मगुरूंचा गाभारा, आणि दोहोंमध्ये ती कमान व तिच्याखाली कोरीव लाकडी जाळीचा पडदा. गाभाऱ्याच्या दुरुस्तीचा भार चर्चचे उत्पन्न घेणाऱ्या रेक्टरवर, तर सभामंडपाचा गावकऱ्यांवर असे. त्यामुळे पंधराव्या शतकात लोकर आणि कापडाच्या व्यापाराने पैसा आला, तेव्हा ईस्ट अँग्लियातील, म्हणजे सफोकसह पूर्व इंग्लंडमधील अनेक गावांनी सभामंडप उंच, प्रकाशमान करून घेतला आणि शेजारचा गाभारा जुनाच, बुटका राहिला.

त्या पैशाचा सर्वांत देखणा पुरावा छतात दिसतो. उतरत्या छपराचे वासे भिंतींना बाहेर रेटतात. दोन्ही भिंतींना जोडणारी आडवी तुळई टाकली की हा रेटा आवरतो, परंतु तिच्यासाठी पूर्ण रुंदीचे लांब लाकूड लागते आणि वरची उंचीही दुभंगते. ‘हॅमरबीम’ रचनेत त्याऐवजी भिंतीच्या माथ्यावरून आखूड तुळया आत काढतात आणि त्यांना खालून वक्र आधार देतात. रेटा नाहीसा होत नाही, पण त्याचा बराचसा भाग भिंतीच्या माथ्याऐवजी खालच्या भागावर येतो. लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये १३९० च्या दशकात ह्यू हर्लंड या सुताराने याच रचनेने सुमारे २० मीटरचे अंतर सांधले. केंब्रिजशायरमधील मार्च गावच्या चर्चमध्ये अशा छतावर शंभराहून अधिक लाकडी देवदूत पंख पसरून आहेत.

क्रुसावरील ख्रिस्ताच्या त्या पुतळ्यांसाठी जाळीच्या पडद्यावर माडी असे. १५६१ च्या शाही आदेशाने या माड्या उतरवल्या गेल्या, परंतु भिंतीच्या जाडीत बांधलेले त्यांचे दगडी जिने बुजवण्याची तसदी सर्वांनी घेतली नाही. आजही कित्येक चर्चमध्ये असा अरुंद जिना चढून गेले, की वर उंचावर एक दार लागते आणि त्यापुढे फक्त पोकळी असते.