थायरॉईडची गोळी चालू ठेवा, पथ्यपाणी तिच्या जोडीनं करा

बेळगावात वडगाव म्हणा, शहापूर म्हणा, अनगोळ म्हणा, कुठल्याही गल्लीत चार बायका एकत्र बसल्या की थायरॉईडचा विषय निघतोच, आणि लगेच कोणीतरी सांगते की गोळी सोड, सैंधव चालू कर, कोबी बंद कर, धन्याचं पाणी पी, महिन्यात नॉर्मल येतंय बघ. देशातल्या आठ शहरांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे आकडे २०१३ साली आले, त्यात आपल्या जवळचे गोवा आणि बेंगळूर दोन्ही होते. तपासलेल्या मोठ्या माणसांत साधारण ११ टक्क्यांना हायपोथायरॉईडिझम, म्हणजे थायरॉईडचं हार्मोन कमी पडणं, निघाला आणि जवळजवळ २२ टक्क्यांच्या रक्तात टीपीओ अँटिबॉडी, म्हणजे आपल्याच थायरॉईड ग्रंथीविरुद्ध शरीरानं बनवलेली द्रव्यं, सापडल्या. इतक्या लोकांचा प्रश्न आहे म्हटल्यावर खाण्यापिण्यातलं काय खरं उपयोगी आणि काय उगाच, हे नीट बघायलाच पाहिजे, म्हणून लिहितेय.

जपानच्या हाकारू हाशिमोटो या सर्जननं १९१२ साली चार बायकांच्या थायरॉईड ग्रंथी तपासून त्यात पांढऱ्या पेशींचा नुसता गराडा पडलाय असं लिहून ठेवलं, म्हणून हार्मोन कमी पडण्यामागं बऱ्याचदा असणाऱ्या या आजाराला हाशिमोटो म्हणतात. ही आपलीच रोगप्रतिकारशक्ती, पण घरच्या कुत्र्यानं घरच्याच माणसाला चावावं तसं ती ग्रंथीवर उलटते. ग्रंथीतलं टीपीओ नावाचं एन्झाइम आयोडीन पकडून हार्मोन तयार करायला लागतं, अँटिबॉडी बऱ्याचदा त्याच्याच विरोधात असतात. हळूहळू ग्रंथीच्या पेशी मरतात, हार्मोन कमी पडतं, मग मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी टीएसएच, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन, वाढवून "अजून बनव की" म्हणून मागं लागते. रिपोर्टवर टीएसएच वाढलेला दिसतो तो असा. आता ज्या पेशी मेल्यात त्या कुठल्या काढ्यानं परत येत नाहीत, म्हणून जे हार्मोन शरीर बनवू शकत नाही तेच गोळीतनं द्यायचं. गोळीतलं लिव्होथायरॉक्सिन म्हणजे आपल्याच ग्रंथीतलं टी-फोर हे हार्मोन, जसंच्या तसं.

मिठाचं जरा सविस्तर सांगते कारण सगळ्यात जास्त घोळ तिथंच आहे. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, गरोदरपणी २५०. आपल्याकडं ते मुख्यतः मिठातनंच मिळतं. कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामींनी आयोडीनच्या मिठाचा प्रयोग केला आणि गलगंड कमी होतो हे दाखवून दिलं, मग १९६२ ला राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. दुकानातल्या आयोडीनयुक्त मिठात निदान १५ पीपीएम आयोडीन असावं लागतं, म्हणजे एका ग्रॅमला १५ मायक्रोग्रॅम. सैंधवात हे जवळजवळ नसतंच. त्यामुळं घरातलं सगळं मीठ बदलून सैंधव केलं आणि घरात मासे-अंडी नाहीत, दूधही बेताचं, असं असेल तर एका माणसाच्या थायरॉईडसाठी म्हणून सगळ्या घराचं आयोडीन जातं, त्यात शाळेला जाणारी पोरं आणि सून गरोदर असली तर तीसुद्धा आली. उपवासाला वापरा की, रोजच्या आमटीला नको. मीठ बंद डब्यात ठेवा, चुलीशेजारी उघड्या बरणीत आयोडीन उडून जातं.

याच्या उलट ऑनलाइन मिळणाऱ्या समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल. आयोडीन कमी असतं म्हणून थायरॉईड होतो, मग जास्त खाऊया, असा हिशोब लोक मांडतात. हाशिमोटोत तो उलटा पडतो. एकदम जास्त आयोडीन आलं की निरोगी ग्रंथी थोडे दिवस काम थांबवते आणि परत सुरू होते, हे वोल्फ आणि चायकॉफ या संशोधकांनी १९४८-४९ मध्ये दाखवलंय, पण हाशिमोटोनं आधीच अर्धी झालेली ग्रंथी बऱ्याचदा परत सुरूच होत नाही. या कॅप्सूल घेऊ नका, एवढं कळकळीनं सांगते.

कोबी, फ्लॉवर, मुळा हे सगळं आपल्याच तालुक्यातल्या मळ्यात पिकतंय आणि घाबरून लोक सोडतात. शिजवल्यावर त्यातला थायरॉईडला अडवणारा भाग बराच कमी होतो, आयोडीन पुरेसं असेल तर भाजी खुशाल खावा. बाजरीत थायरॉईडला अडवणारी द्रव्यं आहेत हे खरं, पण त्रास जिथं दिसला तिथं लोक रोज बाजरीच खात होते आणि आयोडीनही कमी होतं. आपली रोजची भाकरी जोंधळ्याची, भोगीला बाजरीची केली म्हणून काही होत नाही.

सेलेनियम या खनिजाबद्दल खरं काहीतरी आहे. हार्मोन बनताना ग्रंथीत हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, त्यानं पेशी जळू नयेत म्हणून काम करणारी एन्झाइम सेलेनियमवर चालतात, टी-फोरचं टी-थ्री, म्हणजे शरीर प्रत्यक्ष वापरतं ते हार्मोन, करणारीसुद्धा. जर्मनीत २००२ साली २०० मायक्रोग्रॅम देऊन अँटिबॉडी कमी झालेल्या दिसल्या. पण अँटिबॉडीचा आकडा खाली आला म्हणजे माणसाला बरं वाटलं किंवा गोळी सुटली असं ठरत नाही, आणि जास्त सेलेनियम झालं की केस गळतात, नखं तुटतात, म्हणजे ज्यासाठी घेतलं तेच होऊन बसतं. अंडी, कारवार-गोव्याकडनं येणारा बांगडा, एवढ्यातनं मिळतंय ते बरं.

मला विचाराल तर आहारात पहिलं लक्ष लोहाकडं द्या. टीपीओ एन्झाइम लोहाशिवाय चालतच नाही, आणि आपल्याकडच्या बायकांत रक्त कमी असणं घरोघरी. थकवा थायरॉईडचा म्हणून डोस वाढवत बसतात आणि हिमोग्लोबिन कोणी बघतच नाही. बी-ट्वेल्व्ह आणि व्हिटॅमिन डी पण एकदा तपासून घ्या, कमी असेल तर भरून काढा. गव्हाचं म्हणाल तर हाशिमोटो असणाऱ्यांत सिलिॲक हा गव्हानं आतड्याला इजा होणारा आजार इतरांपेक्षा जास्त आढळतो, त्याची रक्ततपासणी असते. पोट सतत बिघडत असेल तर ती आधी करा आणि ती होईपर्यंत चपाती सोडू नका, नाहीतर तपासणी चुकीची येते. सिलिॲक नसेल तर गहू सोडून हाशिमोटो बरा होतो याला भक्कम पुरावा नाही.

अश्वगंधाचा एक छोटा प्रयोग झालाय, ५० माणसं, आठ आठवडे, टीएसएच खाली आला. आशा वाटण्यासारखं आहे, पण त्याच अश्वगंधानं काहींचं थायरॉईड हार्मोन गरजेपेक्षा वर गेलंय, काहींच्या लिव्हरला सूज आलीय. गोळी चालू असताना वैद्यांचं औषध घ्यायचं असेल तर दोघांनाही सांगून घ्या, लपवून नको. गरोदर असाल तर प्रयोग नकोच, पहिल्या महिन्यांत बाळाचा मेंदू आईच्याच थायरॉईडवर वाढतो.

आता गोळी घ्यायची पद्धत, जी कुठल्याही काढ्यापेक्षा जास्त फरक पाडते. सकाळी उठल्या उठल्या साध्या पाण्याबरोबर, आणि मग निदान अर्धा तास, जमलं तर तासभर, चहा नको. आपल्याकडं डोळे उघडले की दुधाचा चहा, त्याच घोटाबरोबर गोळी जाते आणि पूर्ण अंगाला लागत नाही. कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या, ॲसिडिटीचं पातळ औषध यांना चार तासांचं अंतर. सकाळी जमतच नसेल तर रात्री, जेवून तीन तास झाल्यावर, झोपताना. नेदरलँड्समध्ये २०१० साली तपासलं तेव्हा झोपताना घेतलेल्या गोळीनं टीएसएच उलट चांगला राहिला.

केस गळतात म्हणून बायोटिन या व्हिटॅमिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त द्यायच्या निदान दोन दिवस आधी बंद करा. बऱ्याच लॅबच्या मशीनमधल्या तपासणीत बायोटिनच वापरलेलं असतं, तुमच्या रक्तातलं जास्तीचं बायोटिन त्यात घुसलं की टीएसएच खोटाच कमी दिसतो, आणि कोणीतरी डोस कमी करून टाकतं.

संकष्टी, एकादशीला गोळी घ्यायची काय, हे तर हमखास विचारतात. पाण्याबरोबर घ्यायची, खिचडी नंतर. टी-फोरचं निम्मं प्रमाण उतरायला साधारण सात दिवस लागतात, त्यामुळं एक दिवस राहिली तर घाबरू नका, आणि डोस बदलला तर सहा ते आठ आठवड्यांनीच तपासा, आधी तपासून आकडा खरा येत नाही. पण सौंदत्तीच्या जत्रेला आठवडाभर जायचं असेल तर बाटली पिशवीत आधी टाका.