काचेच्या पेटीतलं जंगल आणि ब्लीचची बादली

बेडकांसाठी झाडं लावलेलं टेरेरियम, म्हणजे काचेची पेटी, उभं करायचं म्हटलं की आजचा जाणता माणूस पहिल्यांदा एक बादली आणि ब्लीचची बाटली काढून ठेवतो. नर्सरीतून आणलेल्या ब्रोमेलियाडची (अननसाच्या कुळातलं शोभेचं झाड) मुळं मातीचा कण राहणार नाही अशी धुवायची, रोप काही मिनिटं पातळ ब्लीचमध्ये बुडवायचं, मग स्वच्छ पाण्यात पुन्हापुन्हा खंगाळायचं. लाकडाचे ओंडके उकळायचे नाहीतर ओव्हनमध्ये भाजायचे. हे सगळं झाल्यावर जंगल लावायला घ्यायचं. नवख्याला हा सोवळेपणा वाटतो. काचेची पेटी जवळपास दोनशे वर्षांची आहे, हा सोवळेपणा मात्र गेल्या पंचवीस-तीस वर्षांतला.

पेटीचा जन्म लंडनच्या काजळीतला. नथॅनियल बॅगशॉ वॉर्ड हे लंडनच्या ईस्ट एंड भागात दवाखाना चालवणारे डॉक्टर. नेचे (फर्न) लावायची हौस दांडगी, पण कोळशाच्या धुरात एकही नेचा तग धरेना. १८२९ साली त्यांनी एका पतंगाचा कोष ओलसर मातीसह झाकणबंद बाटलीत ठेवला होता. पतंग कधी बाहेर येतो एवढंच पाहायचं होतं. त्याआधीच मातीतून एक नेचा आणि गवताचं पातं वर आलं. दिवसा मातीतला ओलावा वाफ होऊन काचेला लागायचा, रात्री थेंब होऊन पुन्हा मातीत उतरायचा. पाणी आतल्या आत फिरत राहिलं आणि बाहेरची काजळी बाहेरच राहिली. बंद टेरेरियमची सगळी करामत आजही एवढीच आहे.

१८३३ मध्ये वॉर्ड यांनी अशा दोन पेट्या रोपांनी भरून जहाजावरून सिडनीला पाठवल्या. रोपं जिवंत पोचली. परतीच्या प्रवासात त्याच पेट्यांमधून ऑस्ट्रेलियातली रोपं लंडनला आली, तीही टवटवीत. त्यानंतर साम्राज्यांनी ही पेटी हातोहात उचलली. स्कॉटिश वनस्पतिशोधक रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चीनमधला चहा हिमालयाच्या पायथ्याशी आणला तो याच पेट्यांतून. हिवतापावरचं क्विनाइन देणारा दक्षिण अमेरिकेतला सिंकोना निलगिरीपर्यंत आणण्याच्या खटपटीतही याच पेट्या होत्या.

पेटीत रोपाबरोबर माती असायची, आणि मातीत काय काय असतं हे त्या काळी कोण पाहत होतं? किडे, अंडी, बुरश्या, सूत्रकृमी असे सगळे बिनतिकिटाचे प्रवासी पेटीसोबत गेले. रोपांच्या आयातीवर विलगीकरणाचे कायदे आले ते बऱ्याच उशिरा, विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत. बेडूकसुद्धा असेच फिरतात. प्वेर्तो रिकोचा टीचभर ‘कोकी’ बेडूक १९८०च्या दशकाच्या शेवटी नर्सरीच्या रोपांतून हवाईला पोचला. आज तिथल्या लोकांची रात्रीची झोप त्याच्या आवाजाने मोडते. म्हणजे रोप धुऊन घ्यायला हवं, ही बाब बेडूकवाल्यांच्या आधी शेतीखात्यांना कळली होती.

काचेतल्या बेडकाची गोष्ट वेगळ्या वाटेने येते. जर्मन मुलखात हिरव्या झाडबेडकाला काचेच्या बरणीत लहानशी शिडी लावून ठेवत. तो वर चढला की हवा चांगली राहणार, खाली उतरला की पाऊस, असा समज. बेडकाचे हाल आणि अंदाजही बेभरवशाचा. एकोणिसाव्या शतकात वॉर्डची झाडांची पेटी आणि ही बेडकाची बरणी हळूहळू एकत्र आल्या. १८८४ मध्ये योहान फॉन फिशर यांनी जर्मनमध्ये टेरेरियमवर जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यात आत कोणते प्राणी ठेवायचे याच्या जोडीला झाडं कोणती लावायची याचाही विचार होता. झाड शोभेसाठी नसून प्राण्याच्या राहणीचा भाग आहे, हा विचार तिथे पक्का झाला असं मला वाटतं.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले रंगीबेरंगी, विषारी म्हणून ओळखले जाणारे डार्ट फ्रॉग युरोप-अमेरिकेच्या घरांत आले, आणि झाडांची पेटी ही हौस न राहता गरज झाली. या बेडकांच्या कित्येक जाती ब्रोमेलियाडच्या पानांच्या बेचक्यात साचलेल्या चमचाभर पाण्यात पिल्लं वाढवतात. त्यांना नुसती ओली काच आणि पाण्याची वाटी देऊन भागत नाही. १९८७ मध्ये हे बेडूक वन्यजीवांच्या व्यापारावरच्या ‘साइटिस’ या जागतिक कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेले, त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवाने लागू लागले आणि घरच्या घरी पैदास करण्याकडे ओढा वाढला. पेटीत वाढलेले हे बेडूक विषारी नसतात. विष त्यांना रानातल्या मुंग्या आणि कोळीवर्गातल्या किड्यांमधून मिळतं, घरच्या फळमाश्यांतून नाही.

तोवर स्वच्छता म्हणजे काच पुसणं आणि पाणी बदलणं. रानातली पानं, ओढ्यातले दगड, शेवाळ सरळ आत जायचं. जितकं रानातलं तितकं चांगलं, असा हिशोब होता.

तो मोडला वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात. १९९०च्या दशकात तिथले डार्ट फ्रॉग आणि ऑस्ट्रेलियाचे व्हाइट्स झाडबेडूक कातडीच्या अनोळखी विकाराने मरू लागले. डॉन निकोल्स आणि अ‍ॅलन पेसिअर या पशुरोगतज्ज्ञांना मेलेल्या बेडकांच्या कातडीत गोल गोल पेशी दिसल्या. ही कायट्रिड वर्गातली बुरशी असावी हे लक्षात आल्यावर त्यांनी अमेरिकेतल्याच मेन राज्याच्या विद्यापीठातल्या जॉयस लाँगकोर यांना गाठलं. लाँगकोर यांनी संग्रहालयातल्या एका निळ्या डार्ट फ्रॉगपासून ती बुरशी वेगळी काढून वाढवली. १९९९ मध्ये तिचं बारसं झालं: बॅट्राकोकायट्रियम डेंड्रोबॅटिडिस. १९९८ मध्येच ऑस्ट्रेलिया आणि मध्य अमेरिकेच्या रानांत मरणाऱ्या बेडकांवर याच रोगाची नोंद झाली होती. जंगलातल्या मरीचं कोडं ज्या बुरशीपाशी सुटलं, तिला नाव मिळालं ते काचेच्या पेटीतल्या बेडकामुळे.

बेडूक पाणी आणि क्षार कातडीतून घेतो-सोडतो. ही बुरशी कातडीच्या वरच्या थरात वाढते, कातडी जाड होते, रक्तातले सोडियम-पोटॅशियम घसरतात आणि शेवटी हृदय थांबतं. तिचे बीजाणू शेपटीच्या जोरावर पाण्यात पोहतात. १७ ते २५ अंश सेल्सिअसला तिची भरभराट होते, आणि डार्ट फ्रॉगची पेटी साधारण त्याच तापमानाला, तितकीच ओली ठेवलेली असते. २०१९ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या जागतिक आढाव्यात या रोगामुळे किमान ५०१ उभयचर जातींची संख्या घटल्याचं आणि त्यांतल्या ९० जाती नामशेष झाल्याचं मानलं आहे.

ती जगभर पोचली कशी? आधी बोट रोखलं गेलं आफ्रिकेतल्या झेनोपस बेडकाकडे. १९३०च्या दशकापासून हे बेडूक गर्भचाचणीसाठी जगभर पाठवले जात. बाईची लघवी टोचली आणि बेडकीने काही तासांत अंडी घातली की दिवस राहिले असं समजायचं. १९३८ साली जपून ठेवलेल्या एका झेनोपसच्या कातडीत ही बुरशी सापडली, तेव्हा मूळ आफ्रिकेतच असा तर्क झाला. २०१८ च्या जनुकीय अभ्यासाने ते मूळ पूर्व आशियाकडे, कोरियन द्वीपकल्पाकडे नेलं. मूळ कुठलंही असो, जिवंत उभयचरांच्या व्यापारातून तिचा फैलाव झाला याबद्दल फारसं दुमत उरलेलं नाही.

निर्जंतुकीकरणाची आजची रीत या नंतरची आहे. २००३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी बुरशी कशाने मरते हे पद्धतशीर तपासलं. ७० टक्के अल्कोहोलने २० सेकंदांत मरते, ३७ अंशांत चार तास ठेवली तर मरते, पूर्ण कोरडी झाली तरी मरते. अतिनील किरणांचा मात्र उपयोग झाला नाही. ओल मिळाली तर ती चिवट आहे. निर्जंतुक केलेल्या तळ्याच्या पाण्यात ती सात आठवडे टिकल्याचंही दिसलं. म्हणून रिकामी पेटी घासून, ब्लीच मारून, खडखडीत वाळवणं हा तिच्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय. रानाव्हायरस नावाचा विषाणू हा बेडकांचा दुसरा शत्रू अधिक हट्टी, त्याला ब्लीच जरा कडक लागतं. क्लोरीन मातीत आणि कुजक्या पानांत खर्ची पडतं, त्यामुळे आधी घासायचं आणि मग ब्लीच लावायचं. हा क्रम चुकला तर ब्लीच वाया जातं. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा अमोनिया कधीही मिसळायचा नाही, त्यातून विषारी वायू निघतो.

पण सगळंच मारून टाकलं तर टेरेरियम चालत नाही. झाडांच्या पेटीत विष्ठा आणि गळकी पानं पचवायला जिवाणू, बुरश्या, स्प्रिंगटेल (मातीतले उड्या मारणारे बारीक जीव) आणि समपाद (आयसोपॉड) किडे लागतातच. अमेरिकेतल्या अटलांटा वनस्पती उद्यानात तयार झालेलं मिश्रण आज जगभर वापरतात. वृक्षनेच्याचे धागे, ऑर्किडसाठी वापरतात ती साल, पीट, स्फॅग्नम शेवाळ आणि कोळसा. हे मिश्रण पाणी धरतं आणि तरीही आंबत नाही, खाली निचऱ्याला भाजलेल्या मातीच्या गोळ्यांचा थर असला म्हणजे झालं. त्यामुळे शहाण्यांनी मधला मार्ग काढला: जंतू मारायचे ते पेटी लावण्याआधी, एकेका वस्तूचे. नंतर खात्रीच्या घरगुती वाणातले किडे सोडायचे, काही आठवडे झाडं रुजू द्यायची आणि नव्या बेडकाला तेवढा काळ साध्या, कागद अंथरलेल्या डब्यात वेगळं ठेवायचं. झाडं लावून झालेल्या पेटीत पुन्हा ब्लीच नाही. रोग निघालाच तर अख्खी पेटी मोडायची. मन घट्ट करावं लागतं, पण दुसरा इलाज नाही.

याच अटलांटा उद्यानात या कथेतलं सर्वांत एकाकी जनावर राहिलं. २००५ मध्ये बुरशी पनामाच्या एल व्हाये परिसराकडे सरकत असताना तिथले बेडूक घाईने उचलून अमेरिकेत आणले गेले. त्यांत एक मोठा झाडबेडूक होता, ज्याच्या जातीला २००८ मध्ये एक्नोमिओहायला रॅबोरम हे नाव मिळालं. त्याला ‘टफी’ म्हणत. २६ सप्टेंबर २०१६ रोजी तो मेला. त्याच्या जातीचा दुसरा बेडूक तेव्हा कुणाच्याच माहितीत नव्हता.

टांझानियात तर दरीलाच टेरेरियम करून पाहिलं. किहान्सी धबधब्याच्या तुषारांवर जगणारी, जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटरची एक भेकी (टोड) १९९६ मध्ये सापडली. २००० मध्ये जलविद्युत धरणाने बहुतेक पाणी वळवलं आणि तुषार थांबले. मग दरीत पाइप टाकून कृत्रिम फवारे बसवले. संख्या सावरतेय असं वाटत असताना २००३ मध्ये भेक्या कोसळल्या आणि तिथेही कायट्रिड आढळली. २००० मध्येच न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात नेलेल्या ४९९ भेक्यांची पुढची पिढी २०१२ मध्ये त्या दरीत परत सोडता आली, ती काचेच्या पेट्यांमुळेच.

२०१३ मध्ये या बुरशीची सख्खी बहीण नेदरलँड्समधल्या सॅलॅमँडरांवर (शेपटीवाले उभयचर) सापडली, तीही बहुधा आशियातून पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून आलेली. २०१६ मध्ये अमेरिकेने सॅलॅमँडरच्या २०१ जातींच्या आयातीवर बंदी घातली. तेव्हापासून प्रश्न उलटा झाला. पेटीत काय जातं यापेक्षा पेटीतून काय बाहेर पडतं, याची धास्ती मोठी झाली.

आपल्याकडे हा प्रश्न पुस्तकी नाही. २०१३ मध्ये उत्तर सह्याद्रीतल्या तीन प्रदेशनिष्ठ बेडकांवर कायट्रिड आढळल्याचा शोधनिबंध आला. त्यांतला एक नायक्टिबॅट्रॅकस हुमायुनी, पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांच्या नावाचा. तिथल्या बुरशीचा वाण मात्र आशियातलाच निघाला, अमेरिकेत-ऑस्ट्रेलियात हाहाकार करणारा जागतिक वाण नव्हे. परदेशी बेडकाबरोबर तो दुसरा वाण इथे येऊन इथल्याशी गाठ पडणं कुणालाच परवडणारं नाही. साइटिसच्या यादीतले परदेशी प्राणी पाळणाऱ्यांना २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. पण नोंदणीने बुरशी अडत नाही. निचऱ्याच्या थरातून उपसलेलं पाणी ब्लीच घालून ठेवल्यावरच गटारात जावं. जुनी माती आणि झाडं कुंडीत किंवा कंपोस्टमध्ये न टाकता पिशवीत बांधून कचऱ्यात द्यावीत. आणि पावसाळ्यात आंबोलीहून किंवा भीमाशंकरहून ‘नैसर्गिक’ शेवाळ, पानं, बेडूक काहीही उचलून आणू नये, नेऊन सोडूही नये.