पेटी, प्रमाणपत्र आणि पाळी : कामाच्या ठिकाणच्या प्रथमोपचार प्रशिक्षणाची पार्श्वभूमी

डॉक्टर येईपर्यंत जखमी माणसाला सांभाळण्याचे शिक्षण सामान्य माणसालाही द्यावे, ही चळवळ इंग्लंडमध्ये १८७७ साली सुरू झाली आणि पुढे आपल्याकडेही आली. ठाण्याच्या दृष्टीने मात्र खरा आरंभ १९६२ चा मानावा लागतो. त्या वर्षी राज्याच्या औद्योगिक महामंडळाची पहिली वसाहत वागळे इस्टेटमध्ये उभी राहू लागली, आणि पुढे ठाणे-बेलापूर रस्त्यालगत रसायने, रंग व औषधे बनवणाऱ्या कारखान्यांची रांग लागली. या कारखान्यांमध्ये प्रथमोपचाराचे जे काही प्रशिक्षण झाले, ते प्रामुख्याने १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम ४५ च्या आधाराने झाले.

या कलमाचा बराचसा गोंधळ त्याच्या हिशेबात होता. एका वेळी सर्वसाधारणपणे कामावर असलेल्या दर १५० कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी असावी, प्रत्येक पेटी स्वतंत्र जबाबदार व्यक्तीच्या ताब्यात असावी, त्या व्यक्तीकडे राज्य शासनाने मान्य केलेले प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र असावे आणि कामाच्या वेळेत ती नेहमी सहज उपलब्ध असावी, असे ते सांगत असे. म्हणजे कामगारसंख्येशी कायद्याने पेट्यांचे प्रमाण बांधले, प्रशिक्षित माणसांचे बांधले नाही. तीन पाळ्यांत प्रत्येकी ९० माणसे असलेला कारखाना घेतला, तर एका वेळी ९० जणच कामावर असल्यामुळे पेटी एकच पुरते. पण पेटी चोवीस तास भिंतीवर राहते आणि माणूस पाळी संपली की घरी जातो. 'नेहमी सहज उपलब्ध' या शब्दांचा सरळ अर्थ लावला, तर त्या एका पेटीसाठी किमान तीन प्रमाणपत्रधारक लागतात, आणि साप्ताहिक सुट्टी व रजा धरली तर चार. व्यवस्थापनांची बाजू अशी की कलमात 'व्यक्ती' एकवचनी आहे आणि अभ्यासक्रमासाठी माणसे उत्पादनातून काढणे लहान कारखान्याला परवडत नाही. या अडचणीत तथ्य आहे, परंतु तिच्यामुळे 'नेहमी' या शब्दाचा अर्थ 'जनरल शिफ्टमध्ये' असा होत नाही. प्रत्यक्षात मात्र अनेक ठिकाणी तोच अर्थ रूढ झाला आणि फाइलला लावलेले एक वैध प्रमाणपत्र पुरेसे मानले गेले.

रबाळ्याच्या एका कारखान्यात प्रस्तुत लेखकाने पाहिलेली पेटी नियमाप्रमाणे पांढरी होती, तिच्यावर लाल क्रॉस होता आणि आतले ड्रेसिंग मुदतीतले होते. तिची किल्ली टाइम ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये असे आणि टाइम ऑफिस संध्याकाळी सहाला बंद होई. नाइट शिफ्टच्या ऑपरेटरचा हात भाजला, तेव्हा हेल्परने त्यावर टूथपेस्ट लावली, कारण वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली हात धरायचा असतो हे त्याला कोणी शिकवलेच नव्हते. हा हेल्पर ठेकेदाराचा होता. 'कामगार' या शब्दाच्या व्याख्येत ठेकेदारामार्फत आलेला माणूस १९७६ च्या दुरुस्तीने स्पष्टपणे आला असला, तरी प्रशिक्षणाच्या यादीत त्याचे नाव क्वचितच येते.

१९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कायद्यात धोकादायक प्रक्रियांसाठी स्वतंत्र प्रकरण आले आणि आपत्कालीन आराखडा बंधनकारक झाला. त्यामुळे रासायनिक पट्ट्यातील प्रशिक्षणाचा भर पट्टी बांधण्यावरून डोळ्यांत उडालेले रसायन धुणे आणि वायुबाधिताला मोकळ्या हवेत आणणे याकडे वळला. अभ्यासक्रमही बदलत राहिला. छाती दाबून हृदय चालू ठेवण्याची पद्धत १९६० साली वैद्यकीय नियतकालिकात मांडली गेली, आणि २०१० पासून श्वासमार्गाऐवजी छातीवरील दाबापासून आरंभ करण्याचा क्रम आला. प्रमाणपत्राची मुदत सहसा तीन वर्षांची असते, ती याच कारणाने. मुदत संपलेल्या माणसाच्या हातांना जुना क्रमच आठवतो. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये झालेल्या स्फोटांनंतर जिल्ह्यात या विषयाची चर्चा पुन्हा झाली, पण ती मुख्यतः कारखाने हलवण्याभोवती फिरली आणि पहिल्या दहा मिनिटांत जखमींजवळ कोण असते, हा प्रश्न मागे राहिला.

ऐरोली आणि महापे येथील आयटी पार्क कारखाना या व्याख्येत कधीच बसले नाहीत. तेथे राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने प्रथमोपचाराची सोय मालकावर टाकली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहिता लागू झाली आणि १९४८ च्या कायद्याची जागा तिने घेतली. प्रथमोपचार पेटीची तरतूद आता केवळ कारखान्यांपुरती राहिलेली नाही, ही तिची जमेची बाजू आहे. रुग्णवाहिका कक्षासाठी, म्हणजे कामाच्या जागीच तातडीचे उपचार देण्याच्या खोलीसाठी, ५०० हून अधिक कामगारांची अटही कायम आहे. पेटीतील वस्तू कामाच्या सर्व वेळेत सहज हाती लागाव्यात, असे संहितेचे मूळ कलम सांगते. पेटी उघडणाऱ्या प्रमाणपत्रधारक व्यक्तीचा कलम ४५ मधील उल्लेख मात्र त्या कलमात नाही आणि तिचा तपशील नियमांवर सोपवलेला आहे.