मालक हलत नसेल तर: उपकरप्राप्त इमारतीचा पुनर्विकास भाडेकरूंच्या संस्थेने कसा हाती घ्यावा

गिरगाव, काळबादेवी, डोंगरी, लालबाग, परळ, दादर. इथल्या जुन्या चाळींत पिढ्यान्‌पिढ्या एकच वाक्य ऐकू येते, "मालकाचं कोणाशी तरी बोलणं चाललंय." बोलणे चालू राहते आणि दर पावसाळ्याआधी जिन्याला आणखी एक टेकू लागतो. भेंडी बाजारातली हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ रोजी कोसळली तेव्हा ३३ जण दगावले. म्हाडा या राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या कायद्यातल्या दुरुस्तीने आता अशा इमारतींतल्या भाडेकरूंना मालकाच्या पाठोपाठ दुसरी संधी दिली आहे. मालकाने मुदतीत प्रस्ताव दिला नाही, तर भाडेकरूंची सहकारी संस्था स्वतः प्रस्ताव देऊ शकते. पण ही संधी सहा महिन्यांची आहे. कागद आधीपासून तयार नसतील तर ते सहा महिने पावत्या शोधण्यातच जातात. म्हणून ही माहिती नोटीस यायच्या आधी वाचावी, आणि शेजाऱ्यांनाही वाचून दाखवावी.

आपली इमारत यात बसते का?

पहिला प्रश्न उपकराचा. मुंबई शहर भागातल्या, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या जुन्या भाड्याच्या इमारतींवर १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती उपकर, म्हणजे दुरुस्तीसाठीचा जादा कर, लागला; त्या उपकरप्राप्त इमारती. त्या वेळी अशा १९,६४२ इमारती होत्या. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती 'अ' वर्गात, तेव्हापासून १९५० अखेरपर्यंतच्या 'ब' वर्गात आणि १९५१ ते ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या 'क' वर्गात येतात. सगळ्यात मोठा गट 'अ' वर्गाचा. त्यात १६,५०२ इमारती होत्या. उपनगरातली इमारत कितीही जुनी असली तरी ती उपकरप्राप्त नसते, त्यामुळे पुढची प्रक्रिया तिला लागू नाही.

मालमत्ता कराच्या देयकात दुरुस्ती उपकराची नोंद आहे का ते पाहा. देयक मालकाकडे असते आणि तो ते दाखवत नाही, ही तक्रार नेहमीची आहे. अशा वेळी म्हाडाच्या मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाच्या आपल्या विभागाच्या कार्यकारी अभियंत्याकडे लेखी अर्ज करून इमारतीचा उपकर क्रमांक आणि वर्ग विचारावा. उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो. 'ब' आणि 'क' वर्गाच्या इमारतींना चटईक्षेत्र निर्देशांकाचे, म्हणजे भूखंडावर किती बांधकाम करता येते याचे, नियम वेगळे लागू शकतात. वर्गाचे उत्तर लेखी हातात आल्याशिवाय किती फुटांचे घर मिळणार याची चर्चा सुरू करू नये.

कायदा नेमके काय म्हणतो

विधिमंडळाने २०२० मध्ये म्हाडा कायद्यात दुरुस्ती केली आणि २०२२ च्या अखेरीस तिला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यातले कलम ७९-अ आपल्या कामाचे. इमारत धोकादायक ठरली की आधी मालकाला नोटीस जाते. सहा महिन्यांत ५१ टक्के भाडेकरू-रहिवाशांच्या अपरिवर्तनीय संमतीपत्रांसह त्याने पुनर्विकासाचा प्रस्ताव द्यायचा असतो. त्याने दिला नाही, तर तशीच सहा महिन्यांची संधी भाडेकरूंच्या नियोजित (अजून नोंदणी न झालेल्या) सहकारी संस्थेला मिळते, आणि तिलाही ५१ टक्के संमती लागते. तिनेही प्रस्ताव दिला नाही तर म्हाडा जागा संपादित करून काम स्वतःकडे घेऊ शकते.

मालकाची जमीन फुकट जात नाही. रेडीरेकनरप्रमाणे (सरकारी दरपत्रकाप्रमाणे) जमिनीच्या किमतीच्या २५ टक्के किंवा विक्रीसाठीच्या बांधकाम क्षेत्राच्या १५ टक्के, यांतले जे जास्त ते त्याला द्यायचे आहे. संस्थेने आपला हिशोब मांडताना ही रक्कम पहिल्या ओळीत धरावी. भाडेकरूंच्या सभेत हा आकडा कोणी आपणहून काढत नाही, आणि मग बँकेसमोर बसल्यावर सगळे गणित कोलमडते.

'इमारत धोकादायक ठरली' हे शब्द नीट वाचा. मुंबई महानगरपालिका कायद्याच्या कलम ३५४ खालची (धोकादायक इमारतीबाबतची) नोटीस किंवा सक्षम प्राधिकाऱ्याचा आदेश हा इथे पाया आहे. म्हाडाने काढलेल्या ९३५ नोटिसांचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला. इमारत धोकादायक ठरवण्याचा अधिकार नेमका कोणाचा, यावर जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने कडक शब्दांत आक्षेप घेतले. त्यामुळे आपल्या नोटिशीत कशाचा आधार दिला आहे आणि त्यावर कोणाची सही आहे, हे वकिलाकडून तपासून घेतल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नये. पाया कच्चा असेल तर मालक न्यायालयात जाईल आणि वर्षे वाया जातील.

आणखी एक गोंधळ टाळा. सहकारी संस्था कायद्यातही कलम ७९-अ आहे आणि त्याखाली ४ जुलै २०१९ रोजी शासनाने पुनर्विकासाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्या आधीपासून नोंदणी झालेल्या गृहनिर्माण संस्थांसाठी आहेत. कोणी "सेव्हन्टी नाइन ए" म्हणाले की कोणत्या कायद्याचे, हे आधी विचारावे.

पात्र कोण? १३ जून १९९६ चा अर्थ

विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ च्या विनियम ३३(७) खाली पुनर्विकास होतो तेव्हा भाडेकरूंची यादी मंडळ प्रमाणित करते आणि तिला १३ जून १९९६ ही तारीख लागू होते. या तारखेने अनेकांची झोप उडते, आणि बहुतेकांची विनाकारण. ही तारीख माणसाची नसून भाडेहक्काची आहे. तुम्ही २००८ साली पागडीने, म्हणजे भाडेहक्कासाठी एकरकमी पैसे देऊन, खोली घेतली असेल, पण त्या खोलीचा भाडेहक्क १९९६ पूर्वीपासून चालत आला असेल आणि मालकाने पावती तुमच्या नावावर केली असेल, तर तुमचा दावा उभा राहतो. त्या तारखेनंतर एका खोलीच्या दोन खोल्या केल्या आणि दुसऱ्या खोलीची वेगळी पावती फाडून घेतली, तर ती दुसरी पावती नवीन घर मिळवून देणार नाही.

पागडीवर हस्तांतर झालेल्यांनी आपला व्यवहार कागदावर आहे का ते पाहावे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५६ ने पागडी घेणे-देणे कायदेशीर केले. नुसत्या तोंडी व्यवहारावर वीस वर्षे राहणाऱ्यांची मात्र अडचण होते. त्यांनी मालकाशी आजच बोलून पावती नावावर करून घ्यावी. इमारत रिकामी झाल्यावर मालकाचा भाव वाढतो.

वडिलांच्या नावावर पावती आहे आणि वडील वारले, ही तर घरोघरची गोष्ट. मूळ भाडेकरू वारला तेव्हा त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला भाडेकरू मानण्याची तरतूद भाडे नियंत्रण कायद्यात आहे. भावाभावांत वाद असेल तर तो घरात बसून मिटवा आणि बाकीच्यांचे ना हरकत प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून ठेवा. एका गाळ्याचे (खोलीचे किंवा दुकानाचे) एकच संमतीपत्र मोजले जाते. भांडणारे घर संमतीच्या बाजूला धरता येत नाही, पण एकूण गाळ्यांत ते असतेच. वीस गाळ्यांच्या चाळीत ११ संमत्या लागतात. तीन घरे वादात अडकली तर उरलेल्या सतरांतून अकरा जमवाव्या लागतील.

घर किती मिळेल? राहत्या गाळ्याला किमान ३०० चौरस फूट, म्हणजे २७.८८ चौरस मीटर चटईक्षेत्र. आताचे घर त्याहून मोठे असेल तर तेवढे, कमाल १२० चौरस मीटरपर्यंत. दुकान किंवा कारखान्याच्या गाळ्याला आता आहे तेवढे क्षेत्र. तळमजल्यावरच्या दुकानदारांना सुरुवातीपासून सोबत घ्या. त्यांच्या जागेची किंमत मोठी असते, आणि विरोधही बहुधा तिथूनच उठतो.

प्रत्येक घराची फाईल

चाळ कमिटीने एक काम आजच सुरू करावे: गाळ्यागणिक फाईल. तिच्यात १९९६ पूर्वीची निदान एक भाडेपावती आणि अलीकडची एक पावती हवी. जुनी पावती नसेल तर त्या काळातले वीजबिल, शिधापत्रिका, मतदारयादीतला उतारा, मुलांच्या शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता, यांतले जे सापडेल ते. आधार आणि पॅनची प्रत. मूळ भाडेकरू हयात नसेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसांची प्रतिज्ञापत्रे. पागडीचे हस्तांतर असेल तर त्याचा करार. दुकान असेल तर गुमास्ता परवाना. मालक भाडे घेत नसेल तर मनिऑर्डरने किंवा बँकेतून पाठवून त्याचा पुरावा जोडा. भाडे थकले म्हणून हक्क गेला, असे म्हणायची संधी त्याला देऊ नका.

इमारतीच्या फाईलमध्ये मालमत्ता पत्रक, नगर भूमापनाचा नकाशा, उपकर क्रमांकाचे पत्र, महापालिकेच्या किंवा मंडळाच्या सगळ्या नोटिसा आणि नोंदणीकृत संरचना अभियंत्याचा तपासणी अहवाल असावा. प्रत्येक खोलीचे मोजमाप करून त्यावर रहिवाशाची सही घ्या. इमारत पाडली की या मोजमापाशिवाय तुमच्याकडे दुसरा पुरावा उरत नाही. भीतीपोटी घर न सोडणाऱ्यांना एक निकाल जरूर सांगा: शहा रतनसी खिमजी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले की इमारत पाडल्याने भाडेहक्क संपत नाही. धोकादायक इमारतीतून जीव वाचवून बाहेर पडताना मोजमापाची प्रत आणि फाईल सोबत घ्या.

संस्था आणि संमती

सगळ्या गाळेधारकांना लेखी सूचना देऊन सभा बोलवा, इतिवृत्त लिहा, मुख्य प्रवर्तक (संस्था स्थापनेचे काम पाहणारा भाडेकरू) निवडा. मुख्य प्रवर्तक कोणाचा माणूस आहे, हे सगळ्यांना माहीत असायला हवे. बिल्डरने पुढे केलेला प्रवर्तक असेल तर संस्था भाडेकरूंची राहत नाही, नुसती पाटी राहते. यानंतर उपनिबंधकांकडे नाव आरक्षित करून बँक खाते उघडण्याची परवानगी घ्यायची. सभासदाकडून भागाचे ५०० आणि प्रवेश फीचे १०० रुपये जमा होतात. पुढे विहित नमुन्यांतले अर्ज, आदर्श उपविधी, बँकेचा शिल्लक दाखला आणि नोंदणी फी भरून नोंदणीचा प्रस्ताव जातो. ७९-अ च्या टप्प्यावर नियोजित संस्थाही चालते, त्यामुळे नोंदणीसाठी थांबून मुदत घालवू नका.

संमतीपत्राबाबत मी कळकळीने सांगतो. 'अपरिवर्तनीय' म्हणजे एकदा दिले की परत घेता येत नाही. कोऱ्या कागदावर, अर्ध्या भरलेल्या नमुन्यावर, "नंतर भरतो" म्हणणाऱ्याच्या हातात सही देऊ नका. गाळा क्रमांक, मिळणारे क्षेत्र, कोणाला संमती देत आहात ते नाव आणि तारीख, हे सगळे लिहिलेले असेल तरच सही करा आणि प्रत घरी ठेवा. ज्यांना मराठी-इंग्रजी वाचता येत नाही अशा म्हाताऱ्या माणसांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवणे ही कमिटीची जबाबदारी.

प्रस्ताव, पैसा, करार

मंडळाकडे प्रस्ताव जातो तो संमतीपत्रे, भाडेकरूंची यादी, वास्तुविशारदाचे आराखडे आणि आर्थिक हिशोब यांच्यासह. मंडळ यादी तपासून प्रमाणित करते आणि ना हरकत प्रमाणपत्र देते. त्यानंतरच महापालिकेकडे नकाशे मंजुरीला जातात. वास्तुविशारद आणि प्रकल्प सल्लागार संस्थेने स्वतः नेमावेत, त्यांची फी संस्थेने भरावी. बिल्डरच्या पैशावर आलेला सल्लागार कोणाची बाजू घेणार, हे उघड आहे. बांधकाम स्वतः करायचे असेल तर १३ सप्टेंबर २०१९ चा स्वयंपुनर्विकासाचा शासन निर्णय वाचा आणि त्यातल्या सवलती आपल्या प्रकरणाला लागू पडतात का ते मंडळाकडून लेखी घ्या. मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने स्वयंपुनर्विकासाला कर्जे दिली आहेत. मात्र जमिनीचा हक्क स्पष्ट नसताना कोणतीही बँक पुढे येणार नाही, म्हणून मालकाच्या मोबदल्याचा प्रश्न आधी.

विकासक नेमला तर प्रत्येक भाडेकरूशी कायमस्वरूपी पर्यायी जागेचा करार दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या. मजला, क्षेत्र, पर्यायी निवासाचे भाडे, मुदत आणि मुदत चुकली तर काय, हे सगळे त्यात हवे. खोली रिकामी करायची ती या नोंदणीनंतर. नवीन इमारतीच्या दहा वर्षांच्या देखभालीसाठी कॉर्पस निधीची (एकरकमी राखीव ठेवीची) तरतूद नियमात आहे. त्याची रक्कम आणि ती संस्थेच्या खात्यात कधी जमा होणार, हे करारात लिहून घ्या. लिफ्ट, पंप, पाण्याची टाकी, सामायिक वीज यांचा खर्च चाळीतल्या भाड्याच्या कित्येक पटींनी जास्त असतो. हा निधी नसेल तर निवृत्त माणसाला देखभाल खर्च पेलत नाही आणि नवे घर विकून विरार-बदलापूर गाठावे लागते.

ताबा मिळाल्यावर पहिल्या सर्वसाधारण सभेत समितीची रीतसर निवड, हिशोबाची पुस्तके, भाग दाखले आणि जमिनीचा हक्क संस्थेच्या नावावर करण्याचा ठराव, ही चार कामे घ्यावीत. मालमत्ता पत्रकावर संस्थेचे नाव चढेपर्यंत कमिटीने फायली जपून ठेवाव्यात.