टॅकलची तीव्रता (फुटबॉल)

प्रतिस्पर्ध्याच्या पायातला चेंडू काढून घेताना, म्हणजे टॅकल करताना, फाऊल झाला, तर नुसती फ्री किक पुरेशी, पिवळे कार्ड दाखवायचे की खेळाडूला थेट मैदानाबाहेर काढायचे, हे ठरवण्याची पंचांची पद्धत. तिचा आधार खेळाच्या नियमांतील नियम क्रमांक १२ हा आहे. १८८६ साली स्थापन झालेले आंतरराष्ट्रीय फुटबॉल असोसिएशन मंडळ हे नियम ठरवते; पुण्यामुंबईत, कोल्हापुरात किंवा विश्वचषकात नियम एकच. पिवळी आणि लाल कार्डे १९७०च्या मेक्सिको विश्वचषकापासून वापरात आली. इंग्लिश पंच केन ॲस्टन यांना ती कल्पना रस्त्यावरच्या सिग्नलवरून सुचली होती. त्या स्पर्धेत लाल कार्ड मात्र एकदाही निघाले नाही.

नियमात तीन पायऱ्या आहेत. पुरेशी काळजी न घेता पाय घातला तर तो निष्काळजीपणा. त्याला फ्री किक, कार्ड नाही. समोरच्याला काय होईल याची पर्वाच न करता गेला तर तो बेपर्वाई; त्याला पिवळे कार्ड. गरजेपेक्षा जास्त ताकद लावली किंवा प्रतिस्पर्ध्याची सुरक्षितता धोक्यात आणली, तर तो गंभीर फाऊल; त्याला लाल कार्ड. फाऊल स्वतःच्या पेनल्टी क्षेत्रात झाला, तर यांपैकी कोणत्याही पायरीवर फ्री किकऐवजी पेनल्टी मिळते.

पायऱ्या कागदावर सोप्या आहेत, पंचांपुढे मात्र निम्म्या सेकंदाचा खेळ असतो. म्हणून ते काही ठरावीक गोष्टी टिपतात. खेळाडू किती लांबून आणि किती वेगाने आला? गुडघा वाकलेला होता की पाय सरळ ताठ? स्टड, म्हणजे बुटाच्या तळाचे उंचवटे, समोर होते का? पाय गवतालगत होता की घोट्याच्या वर, नडगीवर किंवा गुडघ्यावर बसला? दोन्ही पाय हवेत होते का? हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण जमीन सुटलेल्या खेळाडूला आयत्या वेळी थांबता किंवा वळता येत नाही. पाय घसरत येऊन पायाच्या वरच्या बाजूने लागला, तर तोच धक्का बराच सौम्य ठरतो. टॅकल समोरून झाला, बाजूने की पाठीमागून, याने निकष बदलत नाही. पाठीमागून येणारा दिसत नसल्याने खेळाडूला सावरायला वेळ मिळत नाही, एवढेच.

कोल्हापूरच्या छत्रपती शाहू स्टेडियमवर सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार एकच : ‘बॉल घेतलाय की!’ पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब असे संघ पेठा-तालमींच्या ईर्षेने उतरतात तेव्हा गॅलरीतला निवाडा टॅकल कोणी केला यावर ठरतो, आणि दुसऱ्या बाजूच्या गॅलरीत नेमका उलटा ठरतो. पण नियमाच्या दृष्टीने हा युक्तिवाद अपुरा आहे. चेंडूला आधी स्पर्श झाला म्हणून त्यानंतर ताठ पायाने नडगीवर जाणे माफ होत नाही. हेतू वाईट नव्हता, हेही पुरत नाही. नियम धोका मोजतो. दुखापत झाली की नाही, हाही निकष नाही. उडी मारून वाचलेल्या खेळाडूवरचा टॅकलसुद्धा लाल कार्डाचा असू शकतो, आणि दुर्दैवाने पाय मुरगळलेला साधा फाऊल कार्डाविना राहू शकतो. हे पटवून घेणे प्रेक्षकांना जड जाते. स्ट्रेचर आत आले की लाल कार्डाची मागणी आपोआप सुरू होते.

प्रामाणिक प्रयत्नाला एके ठिकाणी सवलत आहे. पेनल्टी क्षेत्रात चेंडू खेळण्याच्या प्रयत्नात गोलची स्पष्ट संधी हिरावली, तर २०१६ पासून लालऐवजी पिवळे कार्ड मिळते. ही सवलत गंभीर फाऊलला लागू नाही.

चूक मोठ्या पंचांकडूनही होते. २०१० च्या विश्वचषक अंतिम सामन्यात नेदरलँड्सच्या नायजेल डी याँगचा बूट स्पेनच्या झाबी अलोन्सोच्या छातीवर बसला आणि हॉवर्ड वेब यांनी पिवळे कार्ड दाखवले. आपल्याला तो प्रकार नीट दिसला नव्हता आणि ते लाल कार्डच होते, हे त्यांनी नंतर मान्य केले. म्हणूनच पंच चेंडूच्या अगदी मागे धावत नाहीत. दोन खेळाडूंमधली फट दिसेल असा बाजूचा कोन धरतात. व्हिडिओ सहायक पंच असतील तिथे स्लो मोशन फक्त पाय नेमका कुठे लागला हे पाहण्यासाठी वापरायचे, ताकदीचा अंदाज मात्र नेहमीच्या वेगातल्या दृश्यावरून घ्यायचा, असा संकेत आहे. संथ गतीत साधा टॅकलही क्रूर दिसतो. कोल्हापूरच्या स्थानिक सामन्यांत ही सोय नाही. तिथे मुख्य पंचांचा कोन आणि लाइन्समनचा इशारा एवढ्यावरच निर्णय होतो.

गंभीर फाऊल दिसल्यावर गोलची स्पष्ट संधी नसेल तर ॲडव्हान्टेज देऊ नये, म्हणजे फाऊल होऊनही खेळ चालू ठेवू नये, असे नियम सांगतो, कारण खेळ चालू राहिला की बदला घ्यायला दुसरा पाय तयारच असतो. एरवी मैदानात उपचार घेतलेल्या खेळाडूला खेळ सुरू होण्याआधी बाहेर जावे लागते. पण फाऊल करणाऱ्याला कार्ड मिळाले असेल आणि उपचार झटपट उरकले, तर जखमी खेळाडू आतच थांबू शकतो.