तळ्याकाठची वहिवाट : इंग्लंडमधल्या उद्यानांची पार्श्वभूमी

ऑक्सफर्डजवळच्या ब्लेनिम पॅलेसच्या आवारात शिरलं की समोर तळं दिसतं. काठाला ओक आणि बीचची झाडं, उतारावर चरणाऱ्या मेंढ्या, मधोमध भलाथोरला दगडी पूल. हे सगळं पहिल्यापासून असंच असणार, असं बघणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात १७६० च्या सुमारापर्यंत इथून ग्लाइम नावाची एक लहानशी नदी वाहत होती आणि तिच्या मानाने फारच अवाढव्य असा तो पूल कोरड्या उतारांवर उभा होता. पूल आधी आला, पाणी नंतर. पुलाच्या पोटात खोल्या होत्या. नदी अडवून पाणी चढवलं, तेव्हा त्यातल्या खालच्या खोल्या बुडाल्या.

हे पाणी चढवणारा माणूस म्हणजे लान्सलॉट ब्राऊन. १७१६ साली नॉर्थम्बरलंडमधल्या कर्कहार्ल या खेड्यात जन्मलेला हा माळी पुढे राजाचा उद्यानप्रमुख झाला. ‘तुमच्या जागेत बरंच काही करण्याजोगं आहे’, असं तो प्रत्येक जमीनदाराला सांगायचा. म्हणून लोकांनी त्याचं नावच ‘केपेबिलिटी’ ब्राऊन पाडलं. १७८३ मध्ये तो वारला, तोवर दीडशेहून अधिक इस्टेटींवर त्याचा हात फिरला होता.

त्याच्या आधीच्या बागा फ्रेंच वळणाच्या होत्या. सरळ रस्ते, चौकोनी हौद, कातरलेली झुडपं. ब्राऊनने सरळ रेघ पुसून टाकली. ओढ्यावर मातीचा बांध घालायचा, चिकणमाती ओली करून तुडवून तिचे थर द्यायचे म्हणजे पाणी झिरपत नाही, आणि तळ्याचं टोक झाडीआड वळवायचं. मग बघणाऱ्याला ते तळं न वाटता पुढे कुठेतरी वाहत जाणारी नदी वाटते. बांध दिसता कामा नये, यातच खरं कसब होतं. कुंपणाचीही तीच गत. वाड्यासमोरची हिरवळ आणि पलीकडचं कुरण यांच्यामध्ये खोल चर खणून त्याची एक बाजू दगडाने बांधून काढत. त्याला ‘हा-हा’ म्हणतात. गुरं अलीकडे येऊ शकत नाहीत, पण खिडकीतून पाहिलं तर सगळी जमीन सलग दिसते. ही तळी नुसती शोभेची नव्हती. त्यांत मासे पाळत, हिवाळ्यात त्यांच्यावरचा बर्फ काढून साठवत. आजही अशी कित्येक जुनी तळी १९७५ च्या जलाशय कायद्याखाली येतात आणि अडीचशे वर्षांच्या बांधांची तपासणी अभियंत्यांना करावी लागते.

पण नजरेला सलग दिसणारी जमीन सगळ्यांना मोकळी नव्हती, आणि मला हा भाग तळ्यांच्या सौंदर्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. इंग्लंडच्या खेड्यांत ‘कॉमन’ जमिनी असत, आपल्या गायरानासारख्या. तिथे गावकऱ्यांना गुरं चारण्याचा, सरपण गोळा करण्याचा हक्क असे. १६०४ ते १९१४ या काळात पार्लमेंटने ५,२०० हून अधिक कायदे करून सुमारे ६८ लाख एकर जमिनीला कुंपण घातलं. सगळीच जमीन उद्यानांत गेली असं नाही, बहुतेक शेतीखाली आली. उद्यानांनी मात्र कुठे कुठे गावंच गिळली. डॉर्सेटमधल्या मिल्टन अॅबीचे मालक लॉर्ड मिल्टन यांना वाड्याच्या दाराशी वसलेलं गजबजलेलं गाव खुपू लागलं. १७७० नंतर कुळांचे करार संपतील तशी त्यांनी घरं पाडायला सुरुवात केली. सांगतात की एक वकील हटेना, तेव्हा त्याच्या घरात तळ्याचं पाणी सोडलं गेलं. उठवलेल्या माणसांपैकी काहींसाठी दरीच्या आडोशाला नवं गाव वसवलं, तेच आजचं मिल्टन अॅबस. रस्त्याच्या दोन्ही अंगांना सारख्याच आकाराची, गवती छपरांची, पांढरी घरं. इंग्लंडमधल्या सर्वांत देखण्या खेड्यांत त्याची गणना होते. छायाचित्रं काढणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असतं?

या बागांमध्ये आपल्याकडचा पैसाही जिरला आहे. प्लासीनंतर गबर झालेल्या रॉबर्ट क्लाइव्हने सरेमधली क्लेअरमाँट इस्टेट विकत घेतली, जुनं घर पाडलं आणि नवं बांधायचं काम ब्राऊनलाच दिलं. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाच्या वेळचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज, ज्याच्या कारकिर्दीत १७८२ चा सालबाईचा तह झाला, त्याने मायदेशी परतल्यावर १७८८ मध्ये डेल्सफर्ड ही घराण्याच्या हातून गेलेली जमीन पुन्हा मिळवली आणि तिथे नवं घर व बाग उभी केली.

वायव्य इंग्लंडमधल्या डोंगराळ लेक डिस्ट्रिक्टची कथा वेगळी. तिथली मोठी सरोवरं हिमनद्यांनी कोरलेली, कुणा माळ्याने घडवलेली नव्हेत. १८४७ मध्ये विंडरमिअरपर्यंत रेल्वे पोचली आणि गिरण्यांच्या गावांतली माणसं सुट्टीच्या दिवशी सरोवराकाठी उतरू लागली. इथल्याच मातीतला कवी वर्ड्सवर्थ याने या रेल्वेला कडाडून विरोध केला होता. निसर्गावरचं त्याचं प्रेम खरं होतं, पण कापडगिरणीत राबणाऱ्यालाही एक दिवस पाण्याकाठी बसावंसं वाटणारच, हे त्याने मनावर घेतलं नाही असं मला वाटतं.

मग मँचेस्टर शहराला पाणी हवं झालं. थर्लमिअर या इथल्याच सरोवरावर धरण बांधायला स्थानिकांचा विरोध होता, तरी १८७९ मध्ये कायदा झाला आणि १८९४ मध्ये पाणी शहरात पोचलं. पुढे हॉजवॉटर या जलाशयासाठी मार्डेल ग्रीन हे गाव १९३० च्या दशकात पाण्याखाली गेलं. कडक उन्हाळ्यात पाणी ओसरलं की तिथल्या दगडी भिंती आणि जुना पूल अजून वर येतात.

थर्लमिअरच्या लढ्यात हरलेल्यांनी हातपाय गाळले नाहीत. केझिक गावाजवळ जमीनमालकांनी लॅट्रिग टेकडीवरची आणि डरवेंटवॉटर सरोवराकाठची जुनी वाट बंद केली, तेव्हा ऑक्टोबर १८८७ मध्ये सुमारे दोन हजार माणसं अडथळे ओलांडून लॅट्रिगवर चढली. प्रकरण कोर्टात गेलं आणि तडजोडीत टेकडीवर जायची एक वाट कायमची खुली झाली. वहिवाट हा शब्द आपल्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. त्या दोन हजार माणसांचं म्हणणं तेवढंच होतं. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथून चालत आलो आहोत.

याच परिसरातले पाद्री हार्डविक रॉन्स्ली, लंडनच्या गरीब वस्त्यांत काम करणाऱ्या ऑक्टाव्हिया हिल आणि वकील रॉबर्ट हंटर यांनी १८९५ मध्ये नॅशनल ट्रस्ट ही निसर्गरम्य आणि ऐतिहासिक जागा लोकांसाठी जपणारी संस्था स्थापन केली. १९०२ मध्ये डरवेंटवॉटरच्या काठची ब्रँडलहाउ ही वनराई ट्रस्टने लोकवर्गणीतून विकत घेतली. लोकांनी स्वतःच्या पैशाने घेतलेला काठ सगळ्यांसाठी खुला झाला. वाडे आणि उद्यानं ट्रस्टकडे आली ती पुढे. मृत्यूनंतर भराव्या लागणाऱ्या करांनी आणि दोन महायुद्धांनी जमीनदार घराणी खचली. विल्टशरमधलं स्टाउरहेड, जिथे हेन्री होअर या बँकरने अठराव्या शतकात दरी अडवून तळं केलं आणि काठाला देवळं उभारली, ते १९४६ मध्ये ट्रस्टला मिळालं. त्या घराण्याचा एकुलता वारस पहिल्या महायुद्धात कामी आला होता.

एप्रिल १९३२ मध्ये मँचेस्टरजवळच्या पीक डिस्ट्रिक्टमधल्या किंडर स्काउटच्या पठारावर कामगार तरुण जमीनमालकांची मनाई मोडून चढले आणि त्यांच्यातल्या पाच जणांना तुरुंगात जावं लागलं. १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला आणि १९५१ मध्ये पीक व लेक डिस्ट्रिक्ट ही उद्यानं घोषित झाली. २००० सालच्या कायद्याने डोंगर, माळ आणि नोंदलेल्या कॉमन जमिनींवर पायी हिंडण्याचा हक्क दिला. त्याच कायद्यात एक अपवाद आहे. जी जमीन उद्यान किंवा बाग म्हणून वापरात आहे, तिथे हा हक्क लागू होत नाही. म्हणजे ब्राऊनने आखलेली ती हिरवी वळणं आजही मालकाच्या मर्जीवर, नाहीतर तिकिटावर पाहायची.

ब्लेनिमच्या उत्तर भागातून मात्र एक जुना रस्ता जातो, एकमन स्ट्रीट. रोमन लोकांनी घातलेला. ऑक्सफर्डशर वे ही पायवाट त्याच्यावरूनच ब्लेनिमच्या मोठ्या उद्यानात शिरते आणि पलीकडे निघते. तळं झालं त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून माणसं तिथून चालत आली आहेत. त्या वाटेवर आजही कुणी तिकीट मागत नाही.